पोच घेतल्याशिवाय उठू नका

आपल्या नावावर दुसऱ्याच कोणी कर्ज काढले आहे, हे कळल्यावर माणूस सर्वांत आधी बोलू लागतो. बँकेच्या काउंटरवर, वसुलीवाल्याच्या फोनवर, पोलीस ठाण्याच्या बाकावर, भावकीत, शेजारीपाजारी, जो भेटेल त्याला तो कळवळून सांगतो की हे कर्ज माझे नाही, असा अर्ज मी कधी केला नाही, त्या कंपनीचे नावही मी आजच ऐकतो आहे. तो सांगतो ते खरे असते आणि ऐकणाऱ्याला ते बहुतेक वेळा पटतेही. तरीही काही हलत नाही, कारण ज्या नोंदीने त्याला थकबाकीदार ठरवले ती नोंद करताना त्याला कोणी काही विचारलेलेच नसते. पॅन क्रमांक, जन्मतारीख, एक छायाचित्र आणि एक मोबाइल क्रमांक एवढ्या सामग्रीवर ती झालेली असते, आणि ती पुसायची तर समोरच्याला उत्तर देणे भाग पडेल असा कागद त्याच्या टेबलावर ठेवावा लागतो. मी नोकरीची सगळी वर्षे बँकेच्या कर्जविभागात काढली. निवृत्तीनंतर ओळखीची माणसे अशी प्रकरणे घेऊन माझ्याकडे येऊ लागली, तेव्हा टेबलाच्या आतल्या बाजूला बसून जे दिसत नव्हते ते बाहेरच्या खुर्चीवरून दिसू लागले. अन्याय झालेला माणूस तोंडी सांगून सांगून दमतो आणि दमल्यावर गप्प बसतो. त्याने पहिल्याच दिवशी अर्ज लिहून त्याची पोच घेतली असती, तर त्याचे अर्धे काम तेव्हाच झाले असते.

साताऱ्यात पोवई नाक्याच्या अलीकडे एक बाई पोळीभाजी केंद्र चालवतात. त्यांचे नाव येथे लिहीत नाही. कणीक मळायचे यंत्र घ्यावे म्हणून त्यांनी मुद्रा योजनेतून कर्ज मागितले, तेव्हा बँकेतून उत्तर मिळाले की तुमचे सिबिल खराब आहे, तुमच्या नावावर दोन कर्जे थकीत आहेत. बचतगटाच्या वहीत ज्यांचा हप्ता कधी मागे पडला नाही, ज्यांच्या शब्दावर गटातल्या इतर बायकांना कर्ज मिळत असे, त्या बाई हे ऐकून काउंटरवरच रडू लागल्या. घरी गेल्यावर नवऱ्याने पहिला प्रश्न विचारला तो असा : “कुणाला ओटीपी दिलास?” मुलानेही तेच विचारले. मला या प्रश्नाचा फार राग येतो. घरात चोर शिरला तर कडी का लावली नाहीस असे आपण विचारतो खरे, पण निदान चोरी झाली हे मान्य करून विचारतो. येथे मात्र चोरी झाली यावरच घरच्यांचा विश्वास नसतो, आणि बाईनेच कोणासाठी तरी लपूनछपून पैसे उचलले असतील असा संशय मनात ठेवून प्रश्न विचारला जातो. त्यांनी ओटीपी कोणालाही दिला नव्हता. देणार तरी कसा? ज्या मोबाइलवर ओटीपी गेला होता तो मोबाइलच त्यांचा नव्हता.

हे आम्हांला कळले ते पतअहवाल मागवल्यावर. भारतात लोकांची पतविषयक माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. ‘सिबिल’ हे त्यांतल्या एकीचे नाव आता सगळ्यांसाठीच तोंडात बसले आहे. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, आणि अशा प्रसंगी चारही अहवाल मागवावेत, कारण एकीकडे दिसणारे खाते दुसरीकडे दिसेलच असे नाही. बहुतेक लोक अहवाल उघडून फक्त वरचा गुणांक पाहतात आणि बंद करतात. खरी माहिती त्याच्या खाली असते.

त्या बाईंच्या अहवालात नाव, जन्मतारीख आणि पॅन बिनचूक होते. त्याखाली मोबाइल क्रमांक होते. एक त्यांचा चालू, एक त्यांचाच जुना बंद पडलेला, आणि एक पूर्णपणे अनोळखी. पत्त्यांमध्ये साताऱ्यातल्या घराच्या पाठोपाठ परराज्यातल्या एका शहराचा पत्ता होता, जेथे त्या उभ्या आयुष्यात गेलेल्या नाहीत. मग दोन कर्जखाती, दोन्ही लहान रकमांची आणि थोड्याच दिवसांच्या अंतराने उघडलेली. प्रत्येक खात्याखाली महिन्यामहिन्याच्या चौकटी असतात आणि त्या महिन्यात हप्ता किती दिवस थकला होता तो आकडा चौकटीत असतो. सुरुवातीच्या चौकटींत शून्ये होती, मग ०३०, मग ०६०, मग ०९०. बाईंना त्या आकड्यांचा अर्थ सांगितला तेव्हा त्या बराच वेळ त्या चौकटींवरून बोट फिरवत राहिल्या, आणि म्हणाल्या, “मॅडम, म्हणजे एवढे महिने मी बुडवी होते आणि मलाच माहीत नव्हतं.”

मला स्वतःला मात्र शेवटच्या पानाची जास्त काळजी वाटली. अहवालाच्या अखेरीस कोणकोणत्या संस्थेने कोणत्या तारखेला तुमची माहिती पाहिली याची यादी असते. कर्ज मागितल्याशिवाय कर्जदाता ही माहिती सहसा पाहत नाही, म्हणून ही यादी म्हणजे चोराने कोठे कोठे दार ठोठावले याचीच नोंद असते. त्या दोन कर्जांच्या आगेमागे आणखी काही कंपन्यांनी चौकशी केलेली दिसत होती. तेथे कर्ज मंजूर झाले नव्हते, किंवा झाले असून अजून नोंदले गेले नव्हते. पत्र त्यांनाही जायला हवे होते.

रकमा लहान असतात यामागे कारण आहे. मोठ्या कर्जाला माणूस समोर बसवून कागद तपासले जातात. काही हजारांचे कर्ज मोबाइलवरून काही मिनिटांत मंजूर होते आणि तपासणी तितकीच पातळ असते. एप्रिल २०२२ मध्ये अभिनेते राजकुमार राव यांनी आपल्या पॅनवर अडीच हजार रुपयांचे कर्ज कोणीतरी काढल्याचे जाहीरपणे सांगितले होते. ज्याचा चेहरा देशभर ओळखला जातो त्याच्या नावावर असे कर्ज निघू शकते, तर पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या नावावर का निघू नये, एवढे मी त्यांच्या नवऱ्याला सांगितले. त्यानंतर त्यांचा सूर बदलला, आणि पुढच्या सगळ्या फेऱ्यांना ते स्वतः बरोबर आले.

येथे एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण त्यावर पहिले पाऊल ठरते. खात्यातून पैसे आत्ता जात असतील, तर पत्र लिहीत बसू नये. ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा आणि त्याच वेळी आपल्या बँकेला कळवून खाते, कार्ड आणि यूपीआय थांबवावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकत असतात आणि ते कोठेतरी काढले जाण्याच्या आत रोखायचे असतात, म्हणून पहिला तास फार मोलाचा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारीही अशाच हिशेबाने ठरवली : चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कोणी पैसे काढले, अशा वेळी ग्राहकाने बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले तर त्याच्यावर काहीही भार येत नाही, चार ते सात दिवसांत कळवले तर भार मर्यादित राहतो, त्यानंतर तो बँकेच्या धोरणावर जातो. म्हणून फोन केल्यावरही तक्रार क्रमांक मागून घ्यावा, तो तारीख आणि वेळेसह लिहून ठेवावा. पुढे वाद झाला तर ‘मी कळवले होते’ याला तोच पुरावा.

पण आपल्या खात्यातून काहीच गेलेले नाही आणि भलतीकडे आपल्या नावाने देणे वाढते आहे, असे असेल तर काम निराळे, सावकाशीचे आणि चिकाटीचे असते. आमचे काम तसे होते.

आम्ही कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रारनिवारण अधिकाऱ्याला पत्र लिहिले. अशा अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क कंपनीने आपल्या संकेतस्थळावर द्यावा, असा नियम आहे. बाईंनी स्वतः लिहिलेल्या पहिल्या मसुद्यात दीड पान दुःख होते आणि कर्जखात्याचा क्रमांक कोठेच नव्हता. मी त्यातले एकही वाक्य खोटे ठरवले नाही, पण सगळे बाजूला ठेवले. नव्या पत्रात सुरुवातीलाच कर्जखात्याचा क्रमांक, पतअहवालावर छापलेला त्याचा नियंत्रण क्रमांक आणि तारीख लिहिली. मग एकच वाक्य, की हे कर्ज मी मागितलेले नाही, मला मिळालेले नाही आणि माझ्या ओळखीचा गैरवापर करून ते काढण्यात आले आहे. त्यानंतर मागण्या : कर्जाचा अर्ज, करारपत्र, ओळखपडताळणीसाठी घेतलेली कागदपत्रे आणि छायाचित्र, ज्या मोबाइलवर ओटीपी पाठवला तो क्रमांक, आणि ज्या बँक खात्यात रक्कम जमा केली त्या खात्याचा तपशील.

या शेवटच्या मागणीवर मी फार भर देते. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जविषयक नियमांनुसार, काही ठरावीक अपवाद सोडता, कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्याच बँक खात्यात जमा करावी लागते, मध्ये कोणा दलालाचे किंवा ॲपचे खाते येता कामा नये. तेव्हा ‘पैसे कोणत्या खात्यात गेले?’ हा प्रश्न विचारला की कंपनीला दोनच वाटा उरतात. एक तर ते खाते तुमचे नाही हे मान्य करावे लागते, किंवा तुमच्या नावाने आणखी एक बनावट खाते कोठेतरी उघडले गेले आहे हे उघड होते, आणि मग त्या बँकेलाही जाब विचारता येतो. मी कर्ज घेतले नाही, असे शंभरदा म्हणण्यापेक्षा हा एक प्रश्न अधिक काम करतो.

पत्र ई-मेलने पाठवले आणि स्पीड पोस्टानेही. जेथे हातोहात अर्ज देता येतो तेथे दोन प्रती न्याव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घेतल्याशिवाय उठू नये. “साहेब जेवायला गेलेत”, “शिक्का कपाटात आहे”, “ठेवून जा, आम्ही बघतो” ही उत्तरे मी टेबलाच्या आतून ऐकलेली आहेत, म्हणून त्यांचे मोल मला ठाऊक आहे. शांतपणे बाकावर बसून राहावे. शिक्का सापडतो.

पोलीस ठाण्यात जायला बाई घाबरत होत्या, आणि त्यांची भीती अनाठायी नव्हती. एका ठाण्यात आम्हांला सांगण्यात आले की पत्ता परराज्यातला आहे, म्हणजे हद्द आमची नाही. रक्कम लहान आहे. आणि तुमचे तर पैसे गेलेच नाहीत, मग गुन्हा कशाचा? तिन्ही हरकती चुकीच्या होत्या. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ क नुसार दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा ओळखीचे कोणतेही वैशिष्ट्य अप्रामाणिकपणे वापरणे हाच गुन्हा आहे, त्यात पैसे जाण्याची अट नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. संगणकाच्या साधनाने तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास ६६ ड लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ मध्ये तोतयेगिरीने फसवणुकीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. हे गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणजे खबर लिहून घेण्यासाठी न्यायालयाच्या परवानगीची गरज नाही. आणि हद्दीचे म्हणाल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर नोंदवता येते. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिलेली खबरही चालते, मात्र तीन दिवसांत जाऊन तिच्यावर सही करावी लागते. ठाण्यात नोंद घेतली नाही तर तीच तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवता येते आणि तरीही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. आम्ही आधी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, तिची छापील प्रत आणि या कलमांचा उल्लेख असलेला अर्ज घेऊन पुन्हा गेलो. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा अधिकारी करू शकत नाही, म्हणून ठाणे अंमलदाराशी वाद न घालता निरीक्षकांची वेळ मागितली. त्यांनी कागद वाचले आणि नोंद घेतली.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, “मी मी आहे, हे मलाच सिद्ध करायचं का?” या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते, पण तो डोक्यातून गेला नाही. पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले, तरी ते जिवंत असल्याच्या वावड्या पुढे कित्येक वर्षे उठत राहिल्या, पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही, आणि त्या आशेच्या आधारावर एक तोतया उभा राहिला. १७७६ मध्ये कोकणातले किल्ले आणि मुलूख त्याच्या हाती गेले. अखेर तो पकडला गेला आणि पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. त्या काळी माणसाची शहानिशा करायची म्हणजे त्याला जवळून पाहिलेली माणसे समोर आणायची. आज पोळीभाजीच्या दुकानापुढे रोज रांग लावणारे गिऱ्हाईक, बचतगटातल्या बायका, चाळीतले शेजारी, सगळे या बाईंची ओळख शपथेवर सांगतील, पण त्यांची साक्ष कोणत्याही पोर्टलवर भरता येत नाही. चोराला त्यांच्यासारखे दिसण्याची, बोलण्याची गरज पडली नाही. त्यांना ओळखणाऱ्या एकाही माणसाला त्याला फसवावे लागले नाही. मला या गुन्ह्यात सर्वांत भयंकर वाटते ते हे.

पतअहवाल देणाऱ्या कंपनीकडेही आम्ही वादनोंद केली. २००५ च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्यातील कलम २१ ने आपली माहिती मागण्याचा आणि चुकीची असल्यास दुरुस्त करून घेण्याचा हक्क दिलेला आहे, आणि त्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. पूर्वी ही मुदत उलटून गेली तरी कोणाचे काही बिघडत नसे. रिझर्व्ह बँकेने २६ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने त्यात दम आणला : ३० दिवसांत निवारण झाले नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी तक्रारदाराला १०० रुपये भरपाई द्यायची, आणि कर्जदात्याने २१ दिवसांच्या आत दुरुस्त माहिती पाठवली नसेल तर ती भरपाई त्याने द्यायची. ही तरतूद २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. शंभर रुपयांनी कोणी श्रीमंत होत नाही, पण पत्रात या परिपत्रकाचा उल्लेख आला की पत्र कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून राहिले याचा हिशेब ठेवावा लागतो, आणि कार्यालयात काम हलते ते अशा हिशेबानेच. तरीही उत्तर आले नाही किंवा ‘आमच्या नोंदीनुसार कर्ज तुमचेच आहे’ असे छापील उत्तर आले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते; त्यासाठी आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असणे आणि ३० दिवस उलटलेले किंवा समाधानकारक उत्तर न मिळालेले असणे आवश्यक असते. पोचेची गरज येथेही पडते.

दरम्यान वसुलीवाल्यांचे फोन चालूच होते. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, अशी रिझर्व्ह बँकेची ताकीद आहे. फोन घ्यावा, बोलणाऱ्याचे नाव आणि कंपनी विचारावी, तक्रार क्रमांक सांगावा आणि बोलणे थांबवावे. एक गोष्ट कधीही करू नये : ‘थोडे भरून टाका, नोंद मिटेल’ या बोलण्याला भुलून एक रुपयाही भरू नये. भरलेला पैसा म्हणजे कर्ज आपले असल्याची कबुली, असा अर्थ पुढे काढला जातो. बाईंचा नवरा तेवढे हजार भरून मोकळे व्हायला तयार होता, आणि गरीब माणसाला कटकटीपेक्षा पैसे भरणे स्वस्त वाटते हेच अशा वसुलीचे भांडवल असते.

एका ठिकाणी ओळख वापरली गेली असेल तर ती आणखी कोठे वापरली गेली हे पाहणे ओघानेच आले. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते दिसते आणि ‘हा माझा क्रमांक नाही’ असे तेथूनच कळवता येते. एका व्यक्तीच्या नावावर महाराष्ट्रात नऊपर्यंत जोडण्या चालतात, त्यामुळे एखादी जास्तीची जोडणी वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही. प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर वार्षिक माहिती विवरण असते. आपण न केलेली खरेदी, न घेतलेले व्याज, न मिळालेला पगार तेथे उमटलेला आहे का ते पाहावे. जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन टाकून त्यावर कोणी धंदा नोंदवला आहे का तेही पाहता येते. ऑक्टोबर २०२१ मध्ये मथुरेच्या एका रिक्षाचालकाला प्राप्तिकर खात्याची तीन कोटींहून अधिक रकमेची नोटीस आली होती. त्याने पॅन काढायला कागद दिले होते, हाती पॅनची रंगीत झेरॉक्स आली होती, आणि त्याच पॅनवर जीएसटी क्रमांक घेऊन कोणीतरी कोट्यवधींची उलाढाल दाखवली होती. जो माणूस प्राप्तिकराच्या उंबरठ्यावरही कधी गेला नव्हता, त्याला खात्याने गुन्हा नोंदवण्याचा सल्ला दिला.

त्या बाईंचे कागद कोठून फुटले, हे कळले नाही. दुकानाचा परवाना, गॅसची जोडणी, मुलाची शिष्यवृत्ती, बचतगट, सिमकार्ड, भाडेकरार, प्रत्येक वेळी त्यांनी आधार आणि पॅनच्या झेरॉक्स दिल्या होत्या, आणि त्या न देऊन चालणारच नव्हते. म्हणून ‘कागद कोणाला देऊ नका’ हा उपदेश मला पोकळ वाटतो. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरू कार्यालयाने आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नये असा इशारा दिला आणि गैरसमज होईल म्हणून तो लगेच मागे घेतला गेला. त्या गोंधळातून सामान्य माणसाने काय घ्यावे हे कोणी सांगितले नाही. मी एवढेच सांगते की झेरॉक्स दिली तर तिच्यावर आडवे लिहावे, कोणत्या कामासाठी, कोणाला, कोणत्या तारखेला, आणि अक्षरे छायाचित्रावरून व क्रमांकावरून जातील अशी लिहावी. जेथे चालते तेथे फक्त शेवटचे चार अंक दिसणारे, झाकलेल्या क्रमांकाचे आधार द्यावे. दुकानात मोबाइलवरून कागद छापायला दिले असतील तर त्या संगणकावरून ते आपल्यासमोर पुसून घ्यावेत.

अंगठ्याचे मात्र असे झाकता येत नाही. २०१८ मध्ये तेलंगणात जमिनींच्या नोंदणीकृत दस्तांवरचे ठसे उचलून त्यांचे रबरी शिक्के बनवल्याचे प्रकरण उघडकीस आले होते, आणि त्यानंतर इतर राज्यांतही अशा ठशांनी आधारशी जोडलेल्या खात्यांतून पैसे काढले गेले. आधारच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून बायोमेट्रिक कुलूपबंद करता येते, आणि मागच्या सहा महिन्यांत आपले आधार कोठे पडताळले गेले हेही पाहता येते. पण हे कुलूप लावले की रेशन दुकानातल्या यंत्रावरही अंगठा चालत नाही आणि गावात येणाऱ्या बँकमित्राकडून पैसेही काढता येत नाहीत. शहरात नोकरी करणाऱ्याला मी कुलूप जरूर लावायला सांगते. निराधार योजनेचे पैसे अंगठ्यावर काढणाऱ्या आजीला सांगताना मात्र ते दर वेळी कोण उघडून देणार, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याच्या कार्यालयातून कर्मचाऱ्यांची माहिती फुटली तेव्हा त्याने त्याच संध्याकाळी तिथल्या तिन्ही पतमाहिती कंपन्यांकडे आपला अहवाल गोठवून टाकला. तो स्वतः उघडेपर्यंत त्याच्या नावावर नवे कर्ज सहसा कोणी देत नाही. अमेरिकेत सप्टेंबर २०१८ पासून हे संघीय कायद्याने विनामूल्य आहे, आणि फसवणूक झालेल्याने कोणाला काय लिहायचे याचे नमुनेही सरकारी संकेतस्थळावर तयार मिळतात. आपल्या २००५ च्या कायद्यात असे कुलूप नाही. आपण नोंद झाल्यावर ती पुसायला धावतो. नोंद होण्याआधी दार लावण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला पाहिजे, असे मला मनापासून वाटते. ज्या यंत्रणेला मिनिटांत कर्ज देता येते, तिला कर्ज देण्याआधी जुन्या नोंदीतल्या मोबाइलवर एक संदेश पाठवून विचारणे अवघड असू नये. बाईंचा खरा क्रमांक त्याच अहवालात, त्या अनोळखी क्रमांकाच्या वरच्या ओळीत होता.

कर्ज देणाऱ्या कंपनीने अखेर छायाचित्र पाठवले. ते कोणा तरुण मुलाचे होते. त्यानंतर त्या कर्जाविषयी वाद उरलाच नाही. पहिले खाते अहवालातून काढले गेले, दुसऱ्यासाठी लोकपालाकडे जावे लागले आणि तेही निघाले. बाईंनी मुद्राचा अर्ज पुन्हा दिला तेव्हा कंपनीचे खुलाशाचे पत्र आम्ही सोबत जोडले, कारण शाखेतल्या अधिकाऱ्याला जुना अहवाल आठवत असतो.

पण फाइल बांधून माळ्यावर टाकू नका, असे मी त्यांना सांगितले आहे. थकीत कर्जांचे गठ्ठे एका कंपनीकडून दुसरीकडे विकले जातात. मूळ कंपनीने चूक कबूल केली असली तरी विकत घेणाऱ्याच्या यादीत ते नाव राहून गेलेले असू शकते, आणि मग वर्षा-दोन वर्षांनी नवा माणूस नव्या नावाने फोन करतो किंवा पुसलेली नोंद पुन्हा अहवालात येऊन बसते. म्हणून खुलाशाचे पत्र, पोलिसांकडील नोंदीची प्रत, लोकपालाचा निर्णय आणि सगळ्या पोचा एकत्र ठेवायच्या, त्यांचे फोटो मुलाच्या मोबाइलवर आणि ई-मेलवरही ठेवायचे, आणि दर काही महिन्यांनी चार कंपन्यांपैकी एकीचा विनामूल्य अहवाल पाळीपाळीने मागवून शेवटचे चौकशीचे पान आधी वाचायचे.